थांबण्याची जागा

गाणं संपायला आलं आहे हे बहुतेक वेळा तबलजीला सगळ्यांच्या आधी कळतं. गवयाने अजून काही खूण केलेली नसते. द्रुत तीनताल चालू असतो, ताना येत असतात, पेटीवाला मागोमाग धावत असतो. मग एखादी तान तार षड्जावरून सरळ खाली उतरते, मध्ये कुठे वळत नाही, आणि बंदिशीचा मुखडा नेहमीपेक्षा जरा भरीवपणे येतो. तेवढ्यावर तबलजी मान वर करून गवयाच्या चेहऱ्याकडे बघायला लागतो. त्याचा ठेका साधा होतो, डग्गा मोकळा बोलू लागतो. गवयाची नजर त्याच्या नजरेला मिळते, मुखडा तीनदा येतो, आणि तिसऱ्यांदा समेवर पोचल्यावर दोघं एकाच क्षणी थांबतात. हे सकाळी ठरलेलं नसतं. कित्येकदा ते दोघे पहिल्यांदाच एका मंचावर बसलेले असतात.

मैफलीहून घरी येताना आपण बोलतो ते सुरुवातीबद्दल. षड्ज कसा लागला, आलापी किती शांत होती, पहिल्या दोन आवर्तनांत राग कसा उभा राहिला. गवई कुठे थांबला आणि तिथेच का थांबला, यावर मी फारसं कोणाला बोलताना ऐकलेलं नाही. मला मात्र ख्यालगायनातली सगळ्यांत अवघड गोष्ट हीच वाटत आली आहे, कारण ख्यालात शेवट आधीपासून नसतोच. स्थायी-अंतरा मिळून जेमतेम चार ओळी. त्या दोन-तीन मिनिटांत म्हणून होतात. पुढचा पाऊण तास गवयाचा. तो पुरा झाला असं सांगणारी ओळ बंदिशीत कुठेच नसते. तालाचं म्हणावं तर तो फिरताच राहतो. सोळावी मात्रा झाली की पहिली येते, आणि ही पहिली मात्राच मागच्या आवर्तनाची अखेर असते.

बड्या ख्यालात तर हे फारच जाणवतं. विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं. गवई एकेक स्वर मांडत वर जातो, तार षड्जाला पोचतो, अंतरा भरतो, बोलअंग होतं, ताना होतात. आणि मग तो मुखडा घेऊन समेवर येतो आणि पुढची ओळ म्हणतच नाही. तबल्यावर लय बदलते, छोटा ख्याल सुरू होतो. इतक्या निगुतीने भरत आणलेला ख्याल पहिल्या तीन-चार शब्दांवर सोडून दिलेला असतो. म्हणजे शेवटी कानावर पडतं ते अगदी सुरुवातीला पडलेलंच. पण सुरुवातीला तो मुखडा म्हणजे नुसती एक चाल होती. आता त्यातल्या एका गंधारामागे तासाभरात ऐकलेले सगळे गंधार उभे असतात. म्हणून शेवटचा मुखडा मला साधाच आवडतो. तिथे पुन्हा हरकत, पुन्हा मुरकी घालणारे गवई आहेत. मला तिथे वाटतं, अहो, सगळं पोचलं आहे आमच्यापर्यंत, आता नुसतं म्हणा.

लिहिलेल्या संगीताची रीत निराळी. युरोपातल्या वाद्यवृंदात प्रत्येकासमोर स्वरलिपीचा कागद असतो, शेवट कुठे आहे हे पहिल्या स्वराच्या आधीच प्रत्येकाला ठाऊक असतं. बेथोवेनची पाचवी सिंफनी संपताना सी मेजर पुन्हा पुन्हा घणासारखा आदळत राहतो. संपलं, संपलं, म्हणताना अजून एकदा. माझ्या मनात जास्त घर करून आहे तो हायडनने १७७२ साली केलेला शेवट. त्याचा धनी, प्रिन्स एस्टरहाझी, उन्हाळी राजवाड्यात मुक्काम लांबवत होता आणि वादकांची बायकामुलं आयझेनश्टाटला घरी वाट बघत होती. हायडनने सिंफनीच्या अखेरीला संथ भाग असा लिहिला की एकेका वादकाचं काम संपत जावं. ज्याचं संपेल त्याने आपली मेणबत्ती विझवायची आणि उठून जायचं. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात. सांगतात की धन्याला इशारा कळला आणि दुसऱ्याच दिवशी सगळे घरी निघाले. तो शेवट हायडनने टेबलाशी बसून ठरवला होता. आपल्याकडे तो दर वेळी त्या घटकेला, सगळ्यांच्या देखत ठरतो.

ठरतो, पण वाऱ्यावर सोडलेला नसतो. त्यासाठी आपण तिहाई घडवली. एक बोलसमूह तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात समेवर आणायचा, एवढीच ती युक्ती. पण तीनतालातली अगदी साधी तिहाई सावकाश तपासून बघावी. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा बोल. तो समेपासून सुरू करा. त्याचा धा पाचव्या मात्रेवर पडतो. एक मात्रा दम. दुसऱ्यांदा तोच बोल, धा अकराव्या मात्रेवर. पुन्हा एक मात्रा दम. तिसऱ्या खेपेचा धा सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर. आता या तीन धांच्या जागा बघा. पहिला पडतो दुसऱ्या टाळीवर, पक्क्या जमिनीवर. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. दुसरा पडतो कालाच्या विभागात, तिसऱ्या मात्रेवर, जिथे टाळीही नाही आणि विसावाही नाही. मन किंचित हलतं. तिसरा सम गाठतो. बोल तिन्ही वेळा तोच होता, बोट एवढंसुद्धा वेगळं पडलं नाही, फरक पडला तो पायाखालच्या तालात. याच तिहाईची चक्रदार केली की तीन त्रिक नऊ धा होतात, आणि नववा येईपर्यंत पुढच्या रांगेतली माणसं श्वास धरून बसतात. कोणी मुद्दाम समेच्या जरा आधी आटपतं, कोणी समेला ओलांडून जातं. अनागत आणि अतीत. तेव्हा मात्रा मोजणाऱ्याचा हात हवेत एकटाच राहतो.

धृपदाच्या आलापात ताल नसतो, तरी तिथेही शेवटाची सोय आहे. बराच वेळ मंद्रात स्वर शोधत बसलेला गवई एकदम लयीत चार अक्षरं म्हणतो, ‘तोम’वर टेकतो, आणि कळतं की एक मजला झाला, आता पुढचा. मोहरा म्हणतात त्याला. ताल नसलेल्या जागी थांबण्यापुरती लय उसनी आणायची, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सलते. हल्ली मोठ्या सभागृहांत तिहाईच्या तिसऱ्या टप्प्यालाच टाळ्या सुरू होतात. सम पडते ती त्या गजरात बुडून. सतारीची शेवटची तार वाजून झाल्यावर चिकारी आणि तरफा काही क्षण बोलत असतात. गळ्याने षड्ज सोडला तरी दोन तंबोरे चालूच असतात. राग तेव्हा संपत असतो. वादन त्याच्या आधी संपलेलं असतं. टाळी द्यावी, भरभरून द्यावी, पण तेवढे तीन-चार श्वास थांबून. ज्या मैफलीत असं घडलं, तिथली माणसं मला आजही चेहऱ्यांसकट आठवतात.

मी गाणं शिकत होते तेव्हा आमच्या बाई थांबणं वेगळं शिकवायच्या. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या माडीवर दुपारी आम्ही तिघी-चौघी. यमनातला नुसता निषाद-षड्ज. षड्जावर यायचं, टिकायचं, सोडायचं. बस्स. त्यांचं लक्ष सोडण्याकडे असे. “दम संपल्यावर थांबलीस ना, की सूर खाली पडतो,” त्या म्हणायच्या. “बघ, लोंबला. दम आहे तोवर थांब. पोटात थोडी हवा राहू दे.” मग तंबोऱ्याची खुंटी जरा नीट करून पुन्हा, “घे.” त्या म्हणत ते शब्दशः खरं आहे. श्वास तळाला गेला की सूर किंचित उतरतो, शेवटच्या टोकाला आवाज विस्कटतो, आणि कितीही चांगला लागलेला षड्ज त्या उतरणीमुळेच लक्षात राहतो. हवा शिल्लक असताना सोडलेला सूर मात्र जिथे होता तिथेच राहिल्यासारखा वाटतो. पुढे मोठमोठ्या गवयांना ऐकताना माझ्या ध्यानात आलं की हे एका सुराला जसं लागू आहे तसंच पूर्ण मैफलीलाही. जयपूर घराण्याच्या जुन्या लोकांकडे एका रागात एकच बंदीश, मध्यलयीत. पुढे छोटा ख्याल जोडलाच पाहिजे असा दंडक नव्हता. मल्लिकार्जुन मन्सूरांना ऐकावं. तानेचा गोफ विणत विणत मुखड्याला येतात, आणखी दहा आवर्तनांचा ऐवज गळ्यात आहे हे समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत असतं, आणि ते थांबतात. लगेच दुसऱ्या रागाचा सूर लावतात. लय चढवत नेऊन शेवट गाठायची त्यांना गरज पडत नाही. मला त्या थांबण्यात श्रीमंती दिसते.

अभंगात शेवटाची चाहूल नाव देतं. ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ आलं की बसलेले टाळकरी सावरतात. कवीने सही केली, आता आवरायचं. आणि तरी तिथे अभंग संपत नाही, कारण नाव घेऊन झालं की ध्रुवपद पुन्हा येतंच. कीर्तनात तर त्यानंतर गजर चढतो, पखवाजाची लय दुप्पट होते, टाळांचा एकच कल्लोळ होतो, आणि बुवांचा हात वर गेला की ते सगळं एका घावात थांबतं. शंभर-दोनशे टाळ, बहुतेक हौशी माणसं, आणि मागाहून एकही टाळ वाजत नाही. पंढरीच्या वाटेवर एका गावच्या देवळात मी हे खांबाला टेकून ऐकलं आहे. कानात घणघणत होतं आणि समोर शांत होतं. मग ‘पुंडलिक वरदे’चा पुकारा झाला.

नाव घेऊन संपवायची रीत यंत्राच्या युगातही आली. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. तबकडी परदेशात तयार होई; कोणाचा आवाज आहे हे तिथल्या माणसांना कळावं म्हणून ही व्यवस्था, असं सांगतात. त्या तबकड्यांवर तीन-सव्वातीन मिनिटांची जागा. खासगीत तास तास एक राग गाणाऱ्यांना त्यात स्थायी, अंतरा, आलाप, ताना आणि शेवट, सगळं बसवायचं होतं. नीट ऐकलं तर अखेरच्या वीस-पंचवीस सेकंदांत लगबग ऐकू येते; तान जरा घाईने आवरलेली, मुखडा सुईच्या आधी पोचवलेला. त्यांच्याबद्दल मला फार माया वाटते. पुढे सिनेमाच्या गाण्यांत ध्वनिमुद्रक आवाज हळूहळू लहान करत नेऊ लागले. गाणारे गातच असतात, आपणच दूर नेले जातो. त्या सोयीला मी शेवट म्हणत नाही. तिथे थांबण्याचा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो.

आणि मराठी माणसाने तर शेवट नाकारण्याचीही प्रथा काढली. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटक सुरू झालं. नांदीने आरंभ, भरतवाक्याने अखेर, हा आराखडा संस्कृत नाटकाकडून आलेला, चोख. पण मधल्या प्रत्येक पदाच्या अखेरीला प्रेक्षक ‘वन्समोअर’ देत. बालगंधर्व तेच पद पुन्हा गात, आणि पुन्हा तसंच गात नसत. नाटक उजाडेपर्यंत लांबे. भरतवाक्य नाटककाराने लिहून ठेवलेलं होतं, पण ते कधी येणार ते पिटातली माणसं ठरवत होती.

उजाडेपर्यंत. भैरवीचं मूळ बहुधा त्यातच आहे. रे, ग, ध, नी कोमल असलेला हा सकाळचा राग रात्रभराच्या बैठकीला साजेसा शेवट होता, कारण तोवर खरोखरच सकाळ झालेली असे. मग घड्याळ बदललं आणि रीत राहिली. आज ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी खुल्या जागेतला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो, काही मोजक्या दिवशी बाराला. तेव्हा भैरवी दहाला पाच कमी असताना येते. त्या नियमाची गरज मला कळते. पण त्याबरोबर मध्यरात्रीनंतरचे राग आणि पहाटेचा ललित उघड्या मांडवातून गेले, ही हानी लहान नाही. भैरवी तेवढी टिकली. ती वेळेची राहिली नाही, निरोपाची झाली. ठुमरीत तिला बाराही स्वर चालतात. जे जे म्हणायचं राहिलं ते सगळं म्हणून घ्यायला मुभा. एकदा ती झाली की त्यानंतर दुसरा राग गायचा नाही हे गाणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. बंदिशीत नसलेला, तालात नसलेला शेवट आपण असा सगळ्यांनी मिळून एका रागात ठेवला.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, १९५३ सालापासून, हे फार मोठ्या प्रमाणावर अनुभवायला मिळालं. पं. भीमसेन जोशी वर्षानुवर्षं अखेरीला गायला बसत. आणि त्यांच्याही नंतर लावली जाई ती त्यांच्या गुरूंची, सवाई गंधर्वांची, भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका. हजारो माणसं सतरंज्या-खुर्च्या आवरायच्या आधी तिच्यासाठी थांबत. खरखर, त्यामागून तो किंचित नाकातला, आर्त सूर. जिवंत गाण्याची सांगता गेलेल्या माणसाने करायची, ही कल्पना ज्या शिष्याला सुचली त्याची गुरुभक्ती निराळी सांगायला नको. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. ते १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेकडून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घालून घेतलं, तंबोरा मिळवायला सांगितला, आणि दरबारीच्या स्वरांत प्रार्थना म्हणता म्हणता गेले, अशी त्यांच्या शिष्यांनी सांगितलेली हकीकत. त्यांना मिरजेला आणलं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाला गवई तिथे येऊन हजेरी लावतात. भैरवी त्यांच्या गळ्यात अजोड होती. त्या फलाटावर मात्र त्यांना दरबारी आठवला. रात्रीचा राग, रात्रीची वेळ. निरोपाची रीत सोडून त्यांनी घडीचा राग धरला, याचा मी पुष्कळ वेळा विचार करते.

केसरबाईंची भैरवी तर थेट पृथ्वीबाहेर गेली. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका. साठच्या दशकात, आवाज ठाकठीक असताना, त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, तीत भारताचं म्हणून जे गाणं आहे ते त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. त्यांतलं मागाहून निघालेलं यान ५ सप्टेंबरला उडालं, १६ सप्टेंबरला त्या मुंबईत गेल्या. निवडणाऱ्यांना भैरवीमागची आपली रीत कितपत ठाऊक होती कोण जाणे. पण आपल्याकडच्या कोणीही ऐकलं तर त्याला पहिलं हेच वाटेल की मैफल आटोपली आणि ही आपली शेवटची चीज. तबकडी ज्यांच्यासाठी पाठवली त्यांच्या दृष्टीने मात्र ती मैफलीची सुरुवात असेल.

घरगुती बैठकीत हे सगळं हातच्या अंतरावर घडतं. मागच्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात तीस-पस्तीस माणसं होतो. बुवांचा बागेश्री झाला, वहिनींनी कॉफी फिरवली, मग नायकी कानडा. साडेबारा वाजून गेले होते. बुवांनी तंबोऱ्याची जवार जरा बघितली आणि नुसता कोमल रिषभ-षड्ज गुणगुणला. एवढ्यावर सगळ्यांना कळलं. मागच्या भिंतीजवळ बसलेले एक वयस्कर गृहस्थ कळवळून म्हणाले, “भैरवी नको बुवा. एवढ्यात नको.” कोणी हसलं नाही, सगळ्यांच्याच मनातलं होतं. बुवांनी तबलजींकडे पाहिलं. “काय, सकाळी गाडी कितीची तुमची?”

“सातची. घ्या तुम्ही.”

“मग जोगकंस घेऊ या.” आणि त्यांनी पंचमाची तार उतरवून मध्यमाला लावायला घेतली.